गॅस भरायच्या आधी जरा करंट बघा

उन्हाळा लागला की या सदराकडे एसीचीच पत्रं यायला लागतात आणि बऱ्याच पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं, "गॅस भरून घेतला तरी फरक नाही." मंडळी, एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद पाइपांत गोल गोल फिरत असतो. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि लीक नसताना हवा गरम येत असेल तर बऱ्याचदा दोष वायर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे करंट परतायची वाट), फॅन, क्लच यांतल्या कशात तरी असतो. म्हणून या वेळी फक्त करंटच्या बाजूचीच पत्रं घेतलीयत.

प्रश्न : माझी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. सकाळी एसी एकदम छान चालतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गाडी चालली की, खास करून दुपारी, वारा तेवढाच येतो पण गरम येतो. अर्धा तास सावलीत उभी केली की परत थंड. गॅरेजवाल्याने एकाच उन्हाळ्यात तीनदा गॅस भरला, आता म्हणतो कॉम्प्रेसर बसला, नवीन टाका, पंचवीस-तीस हजार होतील. पेन्शनीतून हा खर्च करावा का?
– एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गुरुजी, एवढ्यात कॉम्प्रेसर टाकू नका. निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. गॅस कमी असता तर तो सकाळीही कमीच असता, आणि कॉम्प्रेसर आतून बसला असता तर सावलीत अर्धा तास उभा राहून तो बरा झाला नसता. गरम झालं की सुटतं आणि गार झालं की धरतं, असं वागणं मुख्यतः विजेच्या भागांचं असतं, आणि माझा पहिला संशय कॉम्प्रेसरच्या मॅग्नेटिक क्लचवर आहे.

हा क्लच कसा चालतो ते थोडं सांगतो म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलताना तुम्हाला कुणी गुंडाळणार नाही. बेल्टवरची पुली इंजिनबरोबर कायम फिरत असते, पण ती नुसतीच फिरते, कॉम्प्रेसर फिरवत नाही. पुलीच्या तोंडाशी एक चकती असते, ती कॉम्प्रेसरच्या शाफ्टला जोडलेली. पुलीच्या मागे तांब्याची कॉइल असते, तिला १२ व्होल्ट मिळाले की ती लोहचुंबक होते, चकतीला खेचून पुलीला चिकटवते, टक् असा आवाज येतो आणि मग कॉम्प्रेसर फिरायला लागतो. चकती आणि पुली यांच्यात सुटलेल्या अवस्थेत बारीकशी फट असते, बऱ्याच गाड्यांत साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. सहा-सात वर्षं दिवसातून शेकडो वेळा चिकटून सुटून दोन्ही तोंडं झिजतात आणि ही फट वाढत जाते.

आता यात उष्णता कुठे आली? तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो (तो ओहममध्ये मोजतात), दर अंशाला साधारण ०.४ टक्के. समजा तुमची कॉइल सकाळी २५ अंशाला ३.६ ओहम आहे. बोनेटखाली तापून ती १०० अंशाला गेली की तीच कॉइल साडेचार ओहमच्या वर जाते. इंजिन चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले तर सकाळी पावणेचार अँपिअर जात होते ते दुपारी तीनच्याही खाली येतात. आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या हिशोबात घटते, म्हणजे करंट पाव भागाने कमी झाला तर ओढ जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होते. फट नवी असती तर एवढ्या ओढीतही चकती चिकटली असती, फट वाढलेली असल्यामुळे सकाळी कशीबशी चिकटते आणि दुपारी एकदा सुटली की परत धरत नाही. तुमच्या गाडीत अगदी हेच होतंय असं मला वाटतं.

खात्री करायची तर गाडी बिघडलेल्या अवस्थेतच बघावी लागते, आणि इथेच सगळे चुकतात. सकाळी गार गाडी गॅरेजमध्ये नेली की तिथे ती चालतेच, मग मेकॅनिकही काय करणार, गॅस भरतो. दुपारी फिरवून हवा गरम यायला लागल्यावर तशीच थेट गॅरेजमध्ये न्या, इंजिन आणि एसी चालू ठेवून मेकॅनिकला बोनेट उघडायला सांगा. पुली फिरतेय पण पुढची चकती थांबलीय का? थांबली असेल तर क्लचच्या वायरवर मीटर लावायचा, वायर क्लचला जोडलेली असतानाच. तिथे तेरा-साडेतेरा व्होल्ट दिसतायत आणि तरी चकती चिकटत नाही, म्हणजे पाठवणाऱ्याने करंट पाठवलाय, धरणारा धरत नाहीये, दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. तिथे व्होल्टच नसतील तर क्लच निर्दोष आहे, मग मागे रिलेकडे जायचं. जुने मेकॅनिक अशा वेळी लांब लाकडी दांड्याने चकतीला हलकासा ढोसा देतात, टक् करून चिकटली की फटीचंच काम. पण गुरुजी, हे तुम्ही करू नका, बेल्ट आणि फॅन फिरत असतात, सदऱ्याची बाही अडकायला क्षण लागत नाही.

दुरुस्ती म्हणाल तर बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये चकतीच्या मागे शिम म्हणजे पातळ वॉशर असतात, त्यातला एक काढला की फट परत मापात येते, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजून घ्यायची. यासाठी गॅस काढावाही लागत नाही. तोंडं फारच झिजली असतील किंवा जळून निळी पडली असतील तर नुसता क्लचचा सेट बदलायचा, पूर्ण कॉम्प्रेसर नाही. हवा गरम येत असताना चकती मात्र व्यवस्थित फिरताना दिसली तर मी सांगितलेलं चुकीचं ठरेल, तेव्हा आत ओलावा शिरून एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस बारीक वाटेने सोडणाऱ्या झडपेत) बर्फ धरत असण्याची शक्यता आहे. एकाच उन्हाळ्यात तीनदा सिस्टिम उघडली असेल आणि व्हॅक्यूम नीट मारला नसेल, म्हणजे आतली हवा-ओल पंपाने ओढून काढली नसेल, तर तसंही होतं. म्हणूनच आधी चकती बघायची, पैसे नंतर काढायचे.

प्रश्न : मुंबईहून कोल्हापूरला जाताना पहिले दोन तास एसी फ्रिजसारखा असतो. सातारा यायच्या आत हवा कमी कमी होत जाते, ब्लोअर फुल केला तरी नुसता आवाज येतो, वारा नाही. कुठे चहाला थांबलो की गाडीखाली हे एवढं पाणी, आणि निघालो की परत मस्त. वर दिलेल्यासारखंच क्लचचं आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, तुमचं वेगळं आहे. गुरुजींच्या गाडीत वारा येतोय पण गरम येतोय, तुमच्या गाडीत वाराच थांबतोय. गॅरेजमध्ये दोघंही "दोन तासांनी एसी जातो" असंच सांगतात आणि मग दोघांच्याही गाडीत गॅस पडतो, म्हणून तक्रार सांगताना वारा आणि थंडावा या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायची सवय लावा.

तुमच्या डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन पडते आणि ते पाणी खाली नळीतून गळून जातं, पण कॉइल शून्याच्या खाली गेली की ते पाणी तिथेच गोठतं, पात्यांमधल्या फटी बुजतात, हवेला वाट राहत नाही. हे होऊ नये म्हणून कॉइलवर एक छोटा तापमानाचा सेन्सर खोचलेला असतो, कॉइल शून्याच्या जवळ आली की तो कॉम्प्रेसरचा क्लच थोडा वेळ सोडायला लावतो, मग परत लावतो. लांबच्या प्रवासात मधूनमधून टक् असा आवाज यायलाच हवा. तुमच्या गाडीत दोन-दोन तास कॉम्प्रेसर सुटतच नसावा, कारण सेन्सर जागेवरून निसटलाय किंवा बिघडलाय. केबिन फिल्टर बदलताना किंवा कॉइल साफ करताना सेन्सर नीट परत खोचला जात नाही असं मी कित्येकदा बघितलंय, तेव्हा अलीकडे असं काही काम झालंय का ते आठवा.

सेन्सर तपासायला सोपा आहे. काढून मीटरला ओहमवर लावायचा आणि त्याचं टोक बर्फाच्या पाण्यात धरायचं, मग तळहातात धरायचं. बहुतेक सेन्सर असे असतात की गार झाले की ओहम वाढतात आणि गरम झाले की कमी होतात. काटा सावकाश सरळ सरकला पाहिजे, मध्येच उडी मारली किंवा हललाच नाही तर सेन्सर गेला. सेन्सरचं काम होईपर्यंत प्रवासात हवा कमी झाली की एसीचं बटण बंद करून ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, बर्फ वितळून जाईल. केबिन फिल्टर तेवढा मात्र बघून घ्या, तो धुळीने गच्च भरला असेल तर सेन्सर ठीक असूनही बर्फ धरू शकतो.

प्रश्न : टॅक्सी चालवतो. हायवेला पॅसेंजर स्वेटर मागतात आणि गावात सिग्नलला थांबलो की घामाघूम. गेल्या महिन्यात समोरून थोडी ठोकली होती, बंपर आणि पुढचं काम केलं, तेव्हापासून जास्त झालंय.
– एक टॅक्सीचालक, सोलापूर

उत्तर : भाऊ, पुढचा फॅन. गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा लागून कंडेन्सर (एसीचा गरम गॅस गार करणारी पुढची जाळी) गार होतो, फॅनची गरजच पडत नाही. सिग्नलला तो वारा बंद, आणि फॅन चालत नसेल तर गॅसचं प्रेशर वर वर चढतं, शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करून टाकतो. सोलापूरच्या मे महिन्यात तर दोन मिनिटांत.

गाडी उभी ठेवून एसी लावा आणि फॅन लागतो का बघा. काही गाड्यांत लगेच लागतो, काहींत प्रेशर चढल्यावर लागतो, म्हणून चार-पाच मिनिटं थांबा. लागलाच नाही तर आधी फ्यूज, मग रिले, आणि रिले त्याच नंबरचा शेजारी हॉर्नचा असेल तर अदलाबदल करून बघता येतो. मग फॅनचा कपलर (वायरींचा जोड) काढून मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्यायचा. तरी फिरला नाही तर मोटर गेली, आणि पाठीवर टिचकी मारल्यावर फिरला तर कार्बन ब्रश संपत आलेत, तोही बदलायलाच हवा, आज फिरला म्हणून सोडू नका. दोन स्पीडचा फॅन असेल तर एक स्पीड जाऊन एकच राहिलेला असू शकतो, तेही लक्षात ठेवा.

पण तुम्ही ठोकल्याचं लिहिलंत म्हणून एक खास गोष्ट बघायला सांगतो. फॅन फिरत असेल तर जाळीसमोर एक कागद धरा. बहुतेक गाड्यांत फॅन रेडिएटरच्या मागे असतो आणि तो समोरून हवा ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. कागद उडून बाहेर येत असेल तर फॅन उलटा फिरतोय. अपघाताच्या कामात फॅनच्या दोन वायरी तोडून परत जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल झाली की हे होतं, डीसी मोटर आहे, ती उलटी फिरायला काहीच हरकत घेत नाही. फॅन तर फिरतोय असं सगळ्यांना दिसतं आणि दोष सापडत नाही. गाडी पळत असताना तर हा उलटा फॅन समोरच्या वाऱ्याशी भांडत असतो. आणि भाऊ, किल्ली बंद असली तरी इंजिन गरम असताना फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं लांब ठेवा.

प्रश्न : ब्लोअर १, २, ३ वर चालत नाही, फक्त ४ वर धडाधड चालतो. दुसऱ्यांदा झालंय, आठ महिन्यांपूर्वीच रेझिस्टन्स बदलला होता.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पुन्हा रेझिस्टन्सच, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, गेलाय. ४ नंबरला करंट सरळ मोटरला जातो, बाकी तिन्हीला रेझिस्टन्समधून जातो, त्यामुळे तो तुटला की फक्त चार उरतो. खरा प्रश्न आहे की आठ महिन्यांत का गेला. रेझिस्टन्स मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेला असतो, तो वारा त्याला गार ठेवतो. फिल्टर तुंबला तर वारा कमी, आणि मोटरचं बेअरिंग जड झालं तर करंट जास्त, दोन्हीत रेझिस्टन्स भाजून निघतो आणि त्यातला थर्मल फ्यूज उडतो. ब्लोअर काढून हाताने फिरवून बघा, सोडल्यावर थोडा वेळ फिरत राहिला पाहिजे, लगेच अडखळून थांबत असेल तर मोटर बदला. कपलर पिवळा पडून वितळायला आलाय का तेही बघा, तसं असेल तर कपलरही नवा टाका, नाहीतर नवा रेझिस्टन्स त्याच जळक्या पिनांवर बसेल आणि आठ महिन्यांनी तुमचं परत पत्र येईल.

प्रश्न : सर, मी आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला शिकते, संध्याकाळी एका गॅरेजमध्ये शिकायला जाते. एका गाडीत क्लचला करंट येत नव्हता. तिथल्या दादांनी प्रेशर स्विचचा कपलर काढून वायरीचा तुकडा टाकला, एसी चालू झाला. ते म्हणाले स्विच खराब आहे, डायरेक्टच राहू दे. हे बरोबर आहे का? आणि टेस्ट लॅम्प घ्यावा का मल्टीमीटर?
– एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि तुला शंका आली हेच महत्त्वाचं आहे. बरोबर नाही. त्या तुकड्याने एवढंच सिद्ध झालं की करंट त्या स्विचपाशी अडला होता. स्विच खराब आहे म्हणून अडला की स्विचने आपलं काम केलं म्हणून अडला, ते अजून कळायचंय.

हा स्विच राखणदार आहे. गॅसचं प्रेशर साधारण २ बारच्या खाली गेलं, म्हणजे गॅस गळून गेला, की तो क्लच बंद ठेवतो, आणि प्रेशर ३० बारच्या आसपास चढलं तरी बंद करतो. खालची मर्यादा का, तर कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर पाइपांतून फिरून परत येतं. गॅस नाही तर तेलही परत येत नाही, कोरडा कॉम्प्रेसर काही वेळ फिरतो आणि मग आतून खरवडला जातो. त्याचा धातूचा भुगा कंडेन्सरमध्ये जातो, पाइपात जातो, मग सगळंच बदलावं लागतं. स्वस्तातला स्विच वाचवायला जाऊन गिऱ्हाईकाचं एवढं नुकसान होतं, आणि त्याला कधी कळतही नाही की त्या वायरीच्या तुकड्याने झालं.

मग तपासायचं कसं? इंजिन काही तास बंद असलेल्या गार गाडीला गेज लाव. दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं दिसेल. आर १३४ ए गॅस असेल आणि हवा ३० अंशाच्या आसपास असेल तर साधारण १०० पीएसआय, म्हणजे जवळपास ७ बार, दिसायला हवं. एवढं दिसलं म्हणजे गॅस पूर्ण भरलाय असं समजू नकोस, आत थोडाही द्रव गॅस शिल्लक असला तरी गेज तेवढंच दाखवतं, ते प्रेशर तापमानावर ठरतं, वजनावर नाही. पण एवढं प्रेशर असताना खालच्या मर्यादेचा स्विच जोडलेला असलाच पाहिजे. काढून मीटर लावल्यावर दोन पिनांत सातत्य, म्हणजे आतून जोड, मिळत नसेल तर तो खरोखर खराब, बदलून टाक. गेजच ३० पीएसआयच्या (साधारण २ बारच्या) खाली दाखवत असेल तर स्विच शहाणा आहे, लीक शोध. वायरीचा तुकडा टाकायचाच तर गेज लावलेलं असताना, दोन-चार सेकंदांसाठी, आणि लगेच काढायचा.

आणि हे पक्कं लक्षात ठेव, कपलरला तीन वायरी असतील तर तिथे तुकडा कधीच टाकायचा नाही. तो स्विच नाही, सेन्सर आहे. एका वायरीवर कॉम्प्युटर ५ व्होल्ट पाठवतो, एक अर्थ, आणि तिसरीवर प्रेशरप्रमाणे बदलणारा सिग्नल परत येतो. ५ व्होल्टची वायर अर्थला लागली तर त्याच लाइनवरचे दुसरे सेन्सरही गडबडतात आणि गाडी बंद पडू शकते. तिथे कपलर जोडलेला ठेवून मागून पिन घालून सिग्नल मोजायचा. गाडी बंद आणि गॅस असताना बऱ्याच गाड्यांत एक-दीड व्होल्ट मिळतो, एसी लावल्यावर तो चढायला लागतो.

टेस्ट लॅम्प का मीटर, तर दोन्ही. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच तार उरलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही. बल्बवाला टेस्ट लॅम्प लावला की तीच वायर उघडी पडते, बल्ब मिणमिणतो. उलट १० व्होल्ट आणि १३ व्होल्ट यांतला फरक बल्ब नीट सांगत नाही, तिथे मीटर लागतो. रिलेच्या सॉकेटमध्ये दोन्ही वापरून बघ : ३० नंबरच्या पिनला कायम करंट हवा, एसी लावल्यावर ८५ आणि ८६ मध्ये १२ व्होल्टचा फरक दिसायला हवा, आणि ८७ कडून क्लचला जातो. रिले टिक् वाजला म्हणजे चांगला असं धरू नकोस, आतले पॉइंट जळलेले असले तरी तो वाजतो. पिवळ्या कपलरला आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना मात्र यातलं काहीही लावायचं नाही, त्या एअरबॅगच्या असतात.

प्रश्न : रात्री हेडलाइट लावली की एसी गरम हवा फेकतो, हेडलाइट बंद केली की परत थंड. दिवसा काही त्रास नाही. मागच्या पावसाळ्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, त्या जोडून घेतल्या होत्या.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, तुमच्याकडची खारी हवा, पावसाळा आणि उंदीर, तिन्हींनी मिळून केलेलं काम दिसतंय हे. पहिल्यांदा बॅटरीवर मीटर लावून इंजिन चालू असताना हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं एकदम लावा. साडेतेराच्या आसपास टिकलं तर अल्टरनेटर ठीक. बारापर्यंत घसरलं तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट, मग पुढचं वाचायची गरज नाही.

व्होल्ट टिकत असतील तर अर्थ. हेडलाइट आणि क्लच यांचा अर्थ एकाच बोल्टवर असेल आणि तो बोल्ट गंजलेला असेल तर दिवसा क्लचपुरता करंट त्या गंजातून कसाबसा जातो, रात्री हेडलाइटचाही त्याच वाटेने जायला लागला की वाट पुरत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी कॉम्प्रेसरच्या अंगावर धरा, आणि क्लचला अर्थची वेगळी वायर असेल तर त्या वायरीवर, सगळं चालू असताना. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. एक-दोन व्होल्ट दिसले तर दोष सापडला, तेवढे व्होल्ट क्लचला कमी मिळतायत. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून घट्ट बसवायचा आणि वरून ग्रीस.

उंदरांनी खाल्लेल्या वायरी कशा जोडल्यायत तेही उघडून बघाच. नुसता पीळ मारून टेप गुंडाळली असेल तर टेपच्या आत ओल शिरून तांबं हिरवं पडलेलं असणार. हिरवा भाग कापून टाकायचा, थोडा नव्हे, चांगलं लाल तांबं लागेपर्यंत, मग नवा तुकडा घालून डाग द्यायचा आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवायची. कोकणात हेच टिकतं.

प्रश्न : एसी लावला की १० अँपिअरचा फ्यूज उडतो. कधी लगेच, कधी खड्ड्यात गेल्यावर. दुकानदार म्हणाला २० चा टाका.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : २० चा अजिबात टाकू नका, फ्यूज वाचेल आणि वायर पेटेल. खड्ड्यात उडतो म्हणजे कुठेतरी वायरीचं आवरण घासून उघडं पडलंय आणि हादऱ्याने ते पत्र्याला लागतंय. फ्यूज जाळत बसण्यापेक्षा हेडलाइटचा जुना ५५-६० वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावून फ्यूजच्या जागी बसवा आणि एसी लावा. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद पेटेल, कारण पुढे क्लचची कॉइल आहे. शॉर्ट असेल तर लख्ख पेटेल, पण फ्यूज उडणार नाही की वायर जळणार नाही. आता कुणालातरी बल्बकडे बघायला बसवा आणि इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून वायरिंग इंचा-इंचाने हलवत जा. त्या अवस्थेत कॉम्प्युटर क्लचला करंट देत नसेल तर रिले काढून ३० आणि ८७ जोडून घ्या. जिथे हात लावल्यावर बल्ब लख्ख किंवा मंद होतो, तीच जागा. कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटजवळ आणि सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळ आधी बघा. काहीच न हलवता बल्ब कायम लख्ख असेल तर क्लचचा कपलर काढा. तरी लख्खच राहिला तर वायर, विझला तर क्लचची कॉइल आतून शॉर्ट आहे किंवा तिच्या कपलरमध्ये बसवलेला डायोड गेलाय. कॉइलला तीन-चार ओहमऐवजी एकच ओहम मिळाला की फ्यूज उडणारच.

प्रश्न : वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताना एसी मध्येच काही सेकंद सुटतो. दोष आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पाय जोरात दाबला की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःच कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडतो, इंजिनाची ताकद चाकांना मिळावी म्हणून. काही सेकंदांत परत लागतो. बराच वेळ लागलाच नाही तर मात्र टेंपरेचरचा काटा बघा, इंजिन तापल्यावरही एसी असाच कापला जातो आणि तेव्हा गाडी बाजूला घ्यायची.

प्रश्न : इलेक्ट्रिक कार आहे, एसी गार होत नाही. गल्लीतला मेकॅनिक चांगला आहे, म्हणतो गॅस आणि तेल भरून देतो. द्यावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याच्याकडे इलेक्ट्रिक गाडीचं प्रशिक्षण आणि साहित्य नसेल तर देऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी. तुमच्या गाडीत बेल्ट आणि क्लच नाहीत, कॉम्प्रेसरच्या आतच मोटर आहे आणि ती बहुतेक गाड्यांत तीनशे-चारशे व्होल्टवर चालते. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसतात त्या याच, त्यांना टेस्ट लॅम्प लावणं जिवावर बेतू शकतं.

दुसरी गोष्ट तेलाची. पेट्रोल-डिझेल गाड्यांत साधारणपणे पीएजी जातीचं तेल घालतात. इथे मोटरच्या वेटोळ्यांना तेल आणि गॅस थेट लागतात, म्हणून बहुतेक गाड्यांत वीज न वाहणारं पीओई जातीचं तेल लागतं. चुकीचं तेल थोडंसं जरी मिसळलं तरी इन्सुलेशन उतरतं, गाडी ते ओळखते, डॅशबोर्डवर दोष दाखवते आणि काही वेळा चालूच होत नाही. एवढंच काय, आधी साध्या गाड्यांना वापरलेल्या गॅसच्या मशीनच्या पाइपात उरलेलं तेलही चालत नाही. ज्या गाड्यांत बॅटरी द्रवाने गार करतात त्यांत तर हाच कॉम्प्रेसर बॅटरीलाही थंडावा देतो, तेव्हा हे काम पुढे ढकलूही नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, आधी कॉम्प्युटर लावून दोषाचा कोड वाचायला सांगा, कंडेन्सरचा फॅन आणि प्रेशर सेन्सर तिथेच स्क्रीनवर तपासता येतात. गॅसच कमी निघाला तर लीक कुठे सापडलं ते बिलावर लिहून घ्या, आणि कोणतं तेल किती घातलं तेही.